तिनाची शेपटी

आमच्या वहिनीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. यात तिचा काही दोष नव्हता. एकवीस वर्षं ती एका चार मजली दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर बटणं, लेस आणि दोरे विकत होती, आणि तिच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या हातातला कापडाचा तुकडा. "आज ती राखाडी परत आली होती," ती सांगायची. "बरोबर तिची मोतिया बहीण." ही राखाडी बाई रस्त्यात समोर येऊन हसली तरी वहिनी ढिम्म. तीच बाई तो राखाडी कोट घालून आली, की वहिनी शंभर पावलांवरून ओळखणार, वर "तिसरं बटण माझ्याकडचं नाही" असंही सांगणार.

अशा बाईला दुकानानं एके दिवशी उचलून थेट चेहऱ्यांच्या खात्यात टाकलं.

झालं असं, की बटणांचं खातं बंद झालं. बटण तुटलं की लोक हल्ली शर्टच बदलतात. वहिनीपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या. एक म्हणजे तळघरातलं गोदाम, जिथं दिवसभर खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. दुसरी, तळमजल्यावर पावडरी आणि लिपस्टिकांचं काउंटर. तिथं तीन महिने उमेदवारी, आणि शेवटी परीक्षा. कंपनीची ट्रेनरबाई येणार, तिच्यासमोर तीन वेगवेगळ्या वर्णांच्या गिऱ्हाइकांना ब्राँझर, म्हणजे तोंडाला लावायची तपकिरी पावडर, निवडून लावून दाखवायचा. जमलं तर काउंटर कायमचं तिचं. नाही जमलं तर जिना खाली तळघरात जातोच.

"गोदामात काय वाईट आहे गं?" दादानं विचारलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडतो, त्यामुळे सावलीतलं कुठलंही काम त्याला स्वर्गसुख वाटतं.

"तिथं बोलायला कोणी नाही. खोकी उलटून बोलत नाहीत. मला उलटून बोलणारं माणूस लागतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे पाहिलं, आणि दोघांनीही उलटून न बोलायचं ठरवलं.

आता इथं मला माझी ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ माझा आहे. मी त्या घरातला धाकटा. धंदा भाषांतराचा. कथा-कादंबऱ्यांचं नव्हे हो. पंख्याच्या, मिक्सरच्या, औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकून देतो, त्यातलं मराठी माझं असतं. फेकलेल्या कागदांची मोजदाद केली तर माझ्याइतका घरोघरी पोचलेला लेखक दुसरा नसेल. गेल्या वर्षी माझ्याकडे एका कंपनीची तीस पानी पुस्तिका आली, तोंडाला लावायच्या पावडरींबद्दलची. मी स्वतः तोंडाला साबणापलीकडे काही लावलेलं नाही. पण भाषांतरकार विषय कळायची वाट बघत बसला तर जगातले पंखे फिरायचे थांबतील. दोन दुपारांत मी पुस्तिका उरकली, आणि एकही परका शब्द येऊ दिला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. पाठ स्वतःच थोपटायची तर हात फार मागे न्यावा लागतो. तो तेव्हाच अवघडला असता तर बरं झालं असतं.

उमेदवारीच्या पहिल्या संध्याकाळी वहिनीनं जेवणाच्या टेबलावर अभ्यासाचं पुस्तक ठेवलं. मी ते कव्हरावरूनच ओळखलं. स्वतःचं पाप माणसाला लांबूनही ओळखू येतं.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. 'कांस्यक' म्हणजे काय हो?"

माझा घास जागीच थांबला. ब्राँझ म्हणजे कांस्य, म्हणून ब्राँझर म्हणजे कांस्यक. लिहिताना किती सुचलं होतं!

"तिसऱ्या नंबराला देतात ते?" दादा म्हणाला. "ते तोंडाला लावायचं?"

"ऐका तर. 'कांस्यक हे त्वचेपेक्षा दोन सावल्या खोल असावे.' खोल म्हणजे कुठं? विहिरीत? आणि हे बघा, 'दिवसा चटईसदृश कांस्यक उत्तम.'"

चटईसदृश म्हणजे मॅट. न चमकणारं. त्याच आठवड्यात मी व्यायामाच्या चटईचा कागद केला होता आणि माझ्या डोक्यात मॅट म्हटलं की चटईच उलगडत होती.

"'चेहऱ्यावर हलकी धूळ उडवा.'" वहिनीनं पुस्तिका मिटली. "कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

"असतील बिचारे कोणी," मी म्हणालो.

"गाढवाला अहो-जाहो कशाला?"

मी पाणी प्यायलो. खूप प्यायलो.

वहिनी मात्र हटणारी नव्हती. पुस्तिका पाठ करायची आणि घरातल्यांवर गिरवायची, असा तिचा बेत ठरला. तीन वर्ण तर घरात आयतेच होते. मी वर्षानुवर्षं टेबलाला चिकटून दुधावरच्या सायीसारखा पांढरट पडलेला. दादा मुळात गव्हाळ. आणि वहिनी स्वतः काळी. कुणी "सावळी" म्हटलं तर तिला राग यायचा. "सावळी काय? काळी आहे. पक्का रंग आहे, धुवून जाणार नाही."

खिडकीजवळ खुर्ची मांडली गेली आणि पहिला नंबर माझा लागला. मुळात हे लावायचं कशाला, असं दादानं विचारलं.

"उन्हात हिंडून आल्यासारखं दिसावं म्हणून."

"म्हणजे रापल्यासारखं?" दादा उडालाच. "लोक रापायला पावडर घेतात? मी वीस वर्षं फुकट रापतोय, मला कुणी विचारत नाही!"

तिकडे वहिनीनं 'दोन सावल्या खोल' या वाक्याचा शांतपणे विचार करून स्वतःपुरता अर्थ लावला होता. चेहऱ्यावर जिथं सावली पडते, तिथं पावडर लावायची. म्हणजे डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि ओठाच्या खाली. खोल हवं म्हणून दोन हात. मी आरशात पाहिलं तर आतून एक दीर्घ आजारातून न उठलेला माणूस माझ्याकडे बघत होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "ताप कधीपासून आहे?" माझ्यानंतर दादाचा नंबर लागला आणि तो घाईत तसाच कामावर गेला, तर एका घरी त्याला मीटरपाशी जाऊच देईनात. खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी कुणाला फोन करायचा का विचारलं. तोंडाला काळं फासणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकलो होतो. घरात त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पुढचं पान ब्रश फिरवण्याचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'कपाळापासून जबड्यापर्यंत चेहऱ्याच्या कडेने ३ काढा.' मूळ पुस्तिकेत इथं चित्र होतं. मराठीत माझी वाक्यं इतकी लांबली की चित्राला जागाच उरली नाही. मग वहिनीनं ३ काढला. कपाळाच्या कडेपासून आत गालाच्या हाडावर, तिथून बाहेर येऊन पुन्हा आत जबड्यावर, आणि मग जबड्यावरून सुर्रकन खाली मानेवर.

"हे मानेवर काय?" मी विचारलं.

"शेपटी. तीन म्हटल्यावर शेपटी नको? शाळेत गेला होतात ना?"

दुसऱ्या बाजूला तिनं उलटा तीन काढला, त्याला उलटी शेपटी. मला गुदगुल्या झाल्या, म्हणून मी जास्त चौकशी केली नाही.

दोन महिने असेच गेले. घरात हे चेष्टेवारी चालत होतं, पण काउंटरवर चेष्टा नव्हती. एके संध्याकाळी वहिनी आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि कुणालाही काही न बोलता बसून राहिली. दादानं चपला दारातच सोडल्या होत्या, त्यावरसुद्धा नाही. मग हळूहळू कळलं. एका बाईला तिनं पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ब्राँझर लावला. बाईनं आरसा घेतला, बघितलं आणि विचारलं, "मी रडत आले होते का हो?" आणि उठून गेली. मजल्यावरच्या मॅनेजरनं ते पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "तळघरात जागा ठेवलीय. उगाच ताण घेऊ नका."

"मी सगळं लिहिल्यासारखंच करते," वहिनी म्हणाली. "एक अक्षर सोडत नाही. मलाच कळत नसणार. बटणाची अक्कल ती बटणाचीच."

तिला स्वतःबद्दल असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी शाळेत होतो तेव्हा ती या घरात आली, आणि तेव्हापासून चूक दुसऱ्याची असते हा या घरातला एकमेव पक्का नियम होता. यावेळी तर चूक खरोखरच दुसऱ्याची होती, आणि तो दुसरा समोर चहा पीत होता.

"वहिनी," मी म्हणालो, "ते गाढव आहे ना..."

"त्याचं काय?"

"ते इथंच राहतं."

दादानं इकडेतिकडे बघितलं. वहिनी मात्र माझ्याकडे पाहत होती.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"आपल्या मिक्सरच्या कागदावर तुम्ही लिहिलं होतंत, 'तोंड घट्ट मिटून यंत्र चालू करावे.' मी सहा महिने चटणी वाटताना कुणाशी बोलले नव्हते. हीच ती भाषा." मग तिनं कप बाजूला सारला. "उठा. मूळ कागद आणा."

ती सगळी संध्याकाळ आणि पुढचा रविवार आम्ही टेबलाशी बसून होतो. मी मूळ वाक्य फोडून सांगायचं, आणि ते माणसाच्या भाषेत कसं म्हणायचं हे वहिनीनं ठरवायचं. सावली खोडून छटा आली, आणि खोल जाऊन गडद आलं.

"त्वचेपेक्षा दोन छटा गडद," तिनं वाचलं आणि टेबलावर हात आपटला. "अहो, हे तर दोऱ्याचं आहे!"

"कसल्या दोऱ्याचं?"

"शिवायला दोरा घेताना कापडापेक्षा छटाभर गडद घ्यायचा. फिकट घेतला की टाके दात काढून हसतात. आणि रीळ बघून दोरा कधी घ्यायचा नाही. रिळावर तो वेगळाच दिसतो. एक धागा सोडवून कापडावर आडवा टाकायचा आणि दारात उजेडाला न्यायचा. एवढं साधं लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

माझ्याकडे शब्द होते, पण दोरा नव्हता.

त्यानंतर तिला थांबवणं अशक्य झालं. पावडर डबीत बघायची नाही, बोटभर घेऊन जबड्याच्या कडेला ओढायची आणि खिडकीशी जायचं. लावायची कुठं, याचं उत्तर तर रोज घरात मीटरची वही घेऊन येत होतं. "हलू नका," तिनं दादाला खिडकीत बसवून सांगितलं, "तुम्ही नकाशा आहात." दादाचं कपाळ रापलेलं, नाकाचा दांडा रापलेला, गालांची हाडं रापलेली. डोळ्यांखाली आणि ओठाखाली मात्र जन्मजात रंग शाबूत. "जिथं हे रापलेत तिथं पावडर. जिथं नाहीत तिथं हात लावायचा नाही. झालं पुस्तक." दादाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या तोंडाचा अभिमान वाटला. दोन दिवस तो मान वर करून चालत होता आणि एकदा पायरी चुकला.

आता छटांचा प्रश्न उरला. माझ्यावर तिनं आधी पिवळट तपकिरी लावून पाहिला, तर मी गाजरासारखा दिसू लागलो. "पांढऱ्या कापडावर जरासा चुकला तरी ओरडतो," म्हणत तिनं तो पुसला आणि अगदी फिका, किंचित गुलाबीकडे झुकणारा तपकिरी घेतला. तोही ब्रश झटकून, उरलासुरला. दादाच्या गव्हाळ रंगाला मधासारखा सोनेरी लगेच जुळला. घोडं अडलं ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर. गोऱ्या त्वचेला पुस्तिकेत सात पानं होती, गव्हाळीला तीन, आणि काळ्या त्वचेला दोन ओळी. त्या दोन ओळींत सांगितलेली डबी तिनं गालावर लावली आणि ती खिडकीत गेली. गाल खडूचा फळा ओल्या हातानं पुसल्यासारखा राखाडी दिसत होता.

"अजून गडद घे," दादानं सुचवलं.

"गडदपणाचं नाही हो. आतला रंग चुकतोय. लोकांना वाटतं काळा म्हणजे काळा. काळ्या कापडाला दोरा जुळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कुठल्या काळ्यात निळा असतो, कुठल्यात हिरवा, कुठल्यात लाल." तिनं गालाचा कोरा भाग उजेडात धरला. "माझ्यात लाल आहे."

दुसऱ्या दिवशी ती काउंटरच्या मागच्या खणातून एक डबी घेऊन आली. भाजलेल्या विटेसारखा लालसर, चांगला गडद तपकिरी. कुणी मागत नाही म्हणून ती मागं टाकली होती. ती लावून वहिनी खिडकीत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर पावडर दिसतच नव्हती. सुट्टी घेऊन कुठंतरी हिंडून आलेली, मजेत असलेली बाई दिसत होती. दादानं उगाचच मीटरची वही उघडली.

एवढं सगळं दुरुस्त करताना एक गोष्ट माझ्याकडून राहिलीच. आकड्यांचं भाषांतर करावं लागत नाही, अशी माझी समजूत होती.

परीक्षेच्या सकाळी मी दुकानात गेलो. वहिनीनं येऊ नका म्हणून बजावलं होतं, म्हणून मी काउंटरसमोरच्या छत्र्यांच्या रांगेमागे उभा राहिलो. ट्रेनरबाई उंच, केसांत पेन्सिल खोचलेली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दुधी रंगाची एक विद्यार्थिनी, दुसरी गव्हाळ, बँकेतली. वहिनी दोघींनाही कोपराला धरून दारापाशी उजेडात घेऊन गेली. "काउंटर सोडून कुठं निघालात?" ट्रेनरबाईनं विचारलं. "दिव्याखाली सगळेच दोरे जुळतात," वहिनी म्हणाली. ट्रेनरबाईनं पेन्सिल काढली, आणि वहिनी दोघींना पावडर लावेपर्यंत ती मान खाली घालून लिहीत राहिली.

तिसरी एक नर्स होती, काळी, ड्यूटीवरून थेट आलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "मला राहू द्या. तुमच्या डब्यांत माझ्यासाठी काही नसतं. मागच्या वेळी राख फासून पाठवलं होतंत."

"मी नव्हते तेव्हा," वहिनी म्हणाली. "चला, दारात चला. तुमच्यात काय आहे ते बघू."

नर्समध्येही लाल निघाला. वहिनीनं विटकरी डबी उघडली, ब्रश फिरवला, दोनदा झटकला आणि तीन काढायला घेतला. कपाळ, गाल, जबडा, आणि सुर्रकन मानेवर.

"थांबा!" ट्रेनरबाई पुढं आली. "हे मानेवर काय काढलंत?"

"शेपटी."

"कसली शेपटी?"

"तिनाची. पुस्तिकेत लिहिलंय, ३ काढा." वहिनीनं तिच्याच पेन्सिलीनं तिच्याच कागदावर मराठी तीन काढून दाखवला. ट्रेनरबाईनं त्याच्याशेजारी आपला इंग्रजी तीन काढला. बिनशेपटीचा. दोन अर्धगोल, आणि संपला.

छत्र्यांमागे मी हाताला आली ती छत्री घट्ट धरली. मी सावल्या निस्तरल्या, चटई निस्तरली, आणि एका आकड्यानं वहिनीला तळघरात घालवलं. पुढं होऊन सांगावं म्हणून मी पाऊल टाकलं, आणि हातातली छत्री खटकन उघडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हे कोण?" ट्रेनरबाईनं विचारलं.

"आमचे भाऊजी," वहिनी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "पुस्तिकेतलं मराठी यांचंच."

ट्रेनरबाई माझ्याजवळ आली. "चटईसदृश... तुम्ही?"

"मीच," मी छत्रीखालून म्हणालो.

ती आणखी बरंच बोलणार होती, पण मागून नर्सचा आवाज आला. तिनं आरसा घेतला होता आणि ती मान डावीकडे-उजवीकडे वळवत होती. "अहो, हे बरं झालंय. एरवी हे लोक तोंड रंगवतात, तेव्हा तोंड एकीचं आणि मान दुसरीची दिसते. आज दोन्ही माझीच आहेत."

ट्रेनरबाई वळली. तिनं नर्सला पुन्हा दारात नेलं, हनुवटी वर करून पाहिली. मग विद्यार्थिनीला बोलावलं, बँकेतल्या बाईंना बोलावलं. तिघींच्या जबड्यावरून बोट फिरवलं. पावडर कुठं संपते ते तिला सापडत नव्हतं.

"चौदा वर्षं मी काउंटराकाउंटरांवर सांगत फिरतेय," ती अखेर म्हणाली, "की पावडर मानेवर उतरवा, जबड्यावर रेघ ठेवू नका. घसा बसला. कुणी उतरवत नाही."

"उतरवा म्हटलं की विसरतात," वहिनी म्हणाली. "शेपटी सांगा. शेपटी कुणी विसरत नाही."

ट्रेनरबाईनं आपल्या बिनशेपटीच्या तिनाकडे पाहिलं, आणि पेन्सिलीनं त्याला एक शेपटी जोडली.

आठ दिवसांनी पत्र आलं. काउंटर कायम. दादानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि आपण नकाशा असल्याचा उल्लेख त्यात नाही म्हणून कुरकुर केली. मलाही कंपनीचं पत्र आलं. पुस्तिका पुन्हा लिहा, आणि प्रत्येक पान आमच्या काउंटरवरच्या बाईंकडून मंजूर करून घ्या. काळ्या त्वचेची पानं आता सात आहेत. ती वहिनीनं सांगितली आणि मी निमूटपणे उतरवून घेतली. 'रापणं' हा शब्द सतरा वेळा आला आहे.

परवा पहिली दहा पानं घेऊन मी दुकानात गेलो. काउंटरपाशी चार बायका होत्या. मी पाचवा उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा वहिनीनं कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं, "बोला सर, काय दाखवू?" वहिनीनं मला पहिल्यांदाच सर म्हटलं, म्हणून मी भारावून पानं पुढं केली. ती जराशी वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, काचेवरचं कोपर काढा. आत्ताच पुसलीय."